लाल बटण आणि वरच्या दोन खोल्या

बाळांनो,

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला एक प्रश्न विचारलात, आणि मी उत्तर देईपर्यंत तुमच्या आईने तुम्हाला जेवायला बोलावून घेतलं. सुट्टीत इकडे यायचं म्हणून तुम्ही वर्ध्यातल्या राहायच्या जागा सहज बघत होतात आणि त्यात तुम्हाला आपलंच घर दिसलं. आपला जिना, आपली निळी दारं, आणि खाली अनोळखी माणसांनी लिहिलेले चार शब्द. हे खरं आहे का, असं तुम्ही विचारलंत. खरं आहे. आणि ते आत्ताच लिहून कळवण्याचं कारण सरळ आहे. डिसेंबरात तुम्ही येणार आहात आणि तेव्हा वरच्या खोल्या रिकाम्या असतीलच असं नाही. तारखा वेळेवर कळवल्या नाहीत तर तुम्हाला माझ्या खोलीत खाली गादी घालून झोपावं लागेल. घरच्यांसाठी वेगळा नियम नाही.

मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून हेही इंग्रजीत लिहिता आलं असतं. पण ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं इंग्रजीत बोलत नाहीत, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ती माझ्या ओळखीची राहत नाहीत. म्हणून मराठीत लिहिते. अडलं तर तुमच्या बाबांना विचारा.

नालवाडीतलं हे घर काही जुनंपुराणं नाही. तुमच्या आजोबांनी नोकरीत असताना बांधलेलं साधं सिमेंटचं घर आहे. वरच्या दोन खोल्या तुमच्या बाबांसाठी आणि आत्यासाठी होत्या. दोघं शिकून बाहेर गेली, आजोबा वारले, तरी मी दर शनिवारी वर जाऊन त्या झाडत होते, चादरी बदलत होते. कोणी झोपलेलं नसताना चादर बदलायची कशाला, असं शेजारीण म्हणायची. मला नीटनेटकेपणाची सवय आहे, आणि सवयीला कारण लागत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता इथल्याच एका कॉलेजात पर्यटन आणि हॉटेल व्यवसायाच्या पदवीच्या मुलांना शिकवते. तिने एकदा घरी येऊन गळ घातली. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला एक खरी जागा घ्यायची होती. तिचे फोटो काढायचे, ती नकाशावर आणायची, बुकिंगच्या साइटवर टाकायची, पाहुण्यांचे मेसेज आणि तक्रारी सांभाळायच्या, आणि हंगाम संपताना बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर पाहुणे उतरवून दाखवायचे. कोणी बसस्टँडजवळचं लॉज घेतलं होतं, कोणी कारंज्याकडचा हायवेवरचा ढाबा. एका मुलीला मात्र शहरात ओळखीचं घर नव्हतं. तिला वरच्या खोल्या देता का, असं माझ्या विद्यार्थिनीने विचारलं. मी हो म्हटलं. कोणाचं तरी इंग्रजी सुधारायला मिळेल, असा माझा हिशेब होता.

मुलगी गिरडच्या टेकडीखालच्या एका गावातली. घरची शेती, तूर आणि सोयाबीन. बारीक अंगाची, केसांना घट्ट वेणी, बोलणं थेट गावाकडचं. पहिल्या दिवशी चहा घेतानाच तिने मला सगळं सांगून टाकलं. नागपुरातल्या एका मोठ्या हॉटेलात बुकिंगच्या विभागात शिकाऊ म्हणून तिची निवड झाली होती, पण हा प्रकल्प चांगल्या गुणांनी पार पडला तरच. आणि त्याच्याही पुढे तिचे वडील होते. मुलगी शिकून हॉटेलात जाणार हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. गावात पारावर त्यांना लोक विचारत, पोरगी काय शिकते. ते उत्तर टाळत.

"बाबा म्हंते, दुसऱ्याच्या पुढं पान्याचा गिलास ठेवाले कॉलेज कायले पायजे," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी ते स्वतः येऊन पायनार हायेत. त्याइले पटलं तर नागपूर. नाई पटलं तर गावी."

तिने हे अगदी सहज सांगितलं, पण बिस्किट हातातच राहिलं होतं.

मला तेव्हा वाटलं होतं की ही मुलं दिवसभर मोबाईलमध्ये बोटं घालून बसतात, त्यात शिकायचं काय आहे. ते मत पहिल्या आठवड्यातच बदलावं लागलं. जाहिरातीचा मजकूर मी लिहून देते म्हटलं आणि बसून छान इंग्रजी परिच्छेद लिहिला. शांत परिसर, प्रशस्त खोल्या, घरगुती जिव्हाळा. वाक्यं लांब होती, पण व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तिने तो मोबाईलवर टाकून मला दाखवला. पडद्यावर माझं पहिलंच वाक्य संपत नव्हतं.

"आजी, हे वाचून होईपर्यंत मानूस दुसरं घर घेऊन टाकते," ती म्हणाली. "आणि यात न्हानीघर खाली हाय हे कुठं लिवलं?"

मी म्हटलं, ते आल्यावर दिसेलच की. ती म्हणाली, आल्यावर दिसलं तर ते रिव्ह्यूत लिहितील, आपणच आधी लिहिलं तर ते वाचून येतील. मग तिने पाच छोटी वाक्यं लिहिली. त्यातलं दुसरं, न्हाणीघर खाली आहे आणि जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, हे होतं. माझ्या परिच्छेदातला एकच शब्द तिने ठेवला, 'शांत'. तोही कोपऱ्यावरच्या पीठगिरणीची वेळ विचारून घेतल्यावर.

फोटोंचंही तसंच. मी टेबलक्लॉथ, फुलदाणी, पितळी समई असा थाट मांडला होता. तिने तो सगळा उचलून बाजूला ठेवला, सकाळचं ऊन खिडकीतून पलंगावर आलं तेव्हा जिन्यावर उभं राहून फोटो घेतला, आणि खोली खरी आहे तेवढीच दिसली पाहिजे म्हणून पुन्हा घेतला. नकाशावरची खूण आधी शेजारच्या गोठ्यावर पडली होती. गोठ्यापाशी दोन वेळा डिलिव्हरीवाला येऊन उभा राहिल्यावर ती स्वतः फाटकाशी उभी राहिली आणि खूण आपल्या दारावर आणून सोडली.

पाहुणे यायला लागले. सेवाग्राम बघायला येणारे, बोर धरणाकडच्या जंगलात वाघ दिसेल या आशेने येणारे, लग्नाला आलेले. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी गूळपाणी देतात, मग कोण, कुठले ते विचारतात. मी तेच करत होते. कॉलेजात तिला शिकवलं होतं की पाहुणा आला की आधी ओळखपत्र घ्यायचं, नोंद करायची. तिने दोन्हींची सांगड घातली. नोंदीची लिंक ती आदल्या दिवशीच मोबाईलवर पाठवायची, त्यामुळे दारात फक्त पाणीच उरायचं. मला ते फार आवडलं.

एकदा एका गृहस्थांनी लिहिलं की वरणात तिखट इतकं होतं की डोळ्यांत पाणी आलं. मी तासभर बसून उत्तराचा मसुदा केला, त्यात विदर्भातल्या जेवणाची परंपरा होती. तिने तो वाचला, मान हलवली आणि तीन ओळी लिहिल्या: कळवल्याबद्दल आभार, चूक आमची, आता जेवणाआधी तिखट किती हवं ते विचारतो. आणि खरंच विचारायला लागली. वाद जिंकायची माझी सवय या धंद्यात उपयोगाची नव्हती.

आता परीक्षेच्या आठवड्याकडे येते.

परीक्षा शनिवारी होती. त्या दिवसासाठी पुण्याच्या एका कुटुंबाने दोन्ही खोल्या घेतल्या होत्या. परीक्षक मॅडम नागपूरहून दुपारी येणार आणि पाहुण्यांचं उतरणं बघणार, असं ठरलं होतं. सगळं जागच्या जागी होतं. गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच मी विचारलं, काय झालं.

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्याच शनिवारसाठी, त्यातल्याच एका खोलीसाठी, आणखी एक बुकिंग. भोपाळकडचं एक वयस्कर जोडपं. गिरडच्या दर्ग्यावर नवस फेडायला येणार होतं, बाईंचे गुडघे दुखत होते, आणि वाटेत नागपुरात नातेवाइकांकडे दोन रात्री थांबायचं म्हणून त्यांची गाडी सुटलेलीसुद्धा होती.

मला वाटलं साइटचा काहीतरी घोळ. घोळ नव्हता. पुण्याचं बुकिंग फोनवर आलं होतं, आणि त्यानंतर साइटच्या कॅलेंडरवर शनिवार बंद करायचा ती विसरली होती. हे झालं साधं विसरणं. पण नंतर त्या जोडप्याची विनंती आली तेव्हा तिला सगळं आठवलं होतं. पडद्यावर दोन बटणं होती, होकाराचं हिरवं आणि नकाराचं लाल. तिने हिरवं दाबलं.

"काऊन वं?" का गं म्हणायचं सोडून मीसुद्धा तिच्यासारखंच बोलून गेले.

"दर्ग्याच्या जत्रेत आमच्या दारी लोक येतेत आजी. ओसरीत जागा नसली तर बाबा गोठा झाडून देतेत, पन नाई म्हनत नाई. त्या बाईनं लिवलं होतं की गुडघे दुखतेत, कुठंच जागा भेटून नाई राह्यली. मले ते लाल बटन दाबताच नाई आलं."

शहरात वाढलेल्या कुठल्याही मुलीने ते बटण डोळे मिटून दाबलं असतं, आणि तेच बरोबर होतं. तिच्या वर्गातल्या एकाने फोनवर सल्ला दिला की जोडप्याचं बुकिंग रद्द कर, साइटच्या यादीत घर थोडं खाली जाईल, मॅडमना कळणार नाही. ती म्हणाली की माणसं निम्म्या रस्त्यात आहेत. मी पोळ्या करत होते. तिसऱ्या पोळीला ती उठली आणि विचारलं, "शेजारच्या काकूंची समोरची खोली खाली जमिनीवरच हाय ना? न्हानीघर लागून?"

होतं. फक्त त्या खोलीत शिलाई मशीन, जुना कूलर आणि नव्या हंगामाच्या सोयाबीनची पोती होती. शेजारीण आधी हसली. म्हणाली, तुझ्या आजींची खोली रिकामी असताना त्या चादरी बदलत होत्या, माझी भरलेली आहे तर तू पाहुणे घालतेस. पण किल्ली दिली.

आम्ही दोघींनी मशीन आणि कूलर सरकवले. पोती काही हलेनात. तेवढ्यात फाटक वाजलं. तिचे वडील होते. परीक्षेला दोन दिवस असताना ते आधीच आले होते, कारण त्यांना बघायचं होतं की मुलगी एरवी काय करते, परीक्षेपुरतं सजवलेलं नाही. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. त्यांनी मला नमस्कार केला आणि मुलीला म्हणाले, "हेच काय तुयं हॉटेल? इथं तं पोती हायेत."

तिने बापापासून काही लपवलं नाही. चूक कशी झाली ते सांगितलं, लाल बटणाचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुपट्टा कमरेला बांधला आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं.

खोली धुतली, पलंग लावला, माझ्या चादरी तिथे आल्या. मग तिने जे केलं ते मी नीट लिहून ठेवते. रस्त्यापासून सुरुवात करून ती मोबाईल हातात धरून चालत गेली. फाटक, अंगण, उंबरा, पलंग, न्हाणीघर. चालता चालता हिंदीत सांगत होती की तुम्ही मागितलेली खोली मी चुकून दोघांना दिली, त्याबद्दल माफ करा, ही खोली शेजारच्या घरातली आहे, एकही पायरी नाही, उंबरा मात्र एक आहे, तो असा आहे. बघा आणि सांगा. नको असेल तर मी तुम्हाला दुसरी जागा शोधून देईन. लिहिण्याऐवजी बोलून का पाठवते, असं मी विचारलं. बाईंच्या मेसेजातले शब्द नवऱ्याने लिहिलेले वाटतात, ती म्हणाली, बाईंना स्वतःला बघता आणि ऐकता आलं पाहिजे.

उत्तर म्हणून त्या बाईंचाच आवाज आला. रेल्वेची घरघर मागे ऐकू येत होती. त्या म्हणाल्या, बेटी, पायऱ्या नाहीत तर आम्हाला हीच खोली हवी.

वडील अंगणात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी तो आवाज ऐकला आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, ही पोरगी त्याइले ओळखते का?" मी नाही म्हटलं. ते पुन्हा शेंगा सोलायला लागले.

शनिवारी परीक्षक मॅडम आल्या. कडक इस्त्रीची साडी, बोलणं मोजकं. त्यांनी तिचा मोबाईल मागून घेतला आणि सगळे मेसेज वाचायला सुरुवात केली. दुपारी पुण्याच्या लोकांचा फोन माझ्या मोबाईलवर आला. ते चुकून रेल्वेच्या पलीकडे गेले होते आणि रेल्वेचं फाटक बंद. तिने त्यांचं लोकेशन मागवलं, ते त्याच मोबाईलवर उघडलं आणि त्यांना पुलावरून, पाण्याच्या टाकीवरून, पीठगिरणीवरून एकेक वळण सांगत दारात आणून सोडलं. गाडीचा तो निळा ठिपका पडद्यावर सरकताना वडील माझ्या खांद्यावरून बघत होते. ठिपका आपल्या गल्लीत वळला आणि त्याच क्षणी बाहेर हॉर्न वाजला. ते एकदम मागे सरकले. मग कोणी पाहिलं तर नाही ना, असे इकडेतिकडे बघायला लागले. मी पाहिलं होतं.

पुण्याचे वर गेले. मी गूळपाणी घेऊन जिन्यावर होते, ती सामान दाखवत होती, आणि नेमकी तेव्हाच जोडप्याची रिक्षा आली. दारात कोणीच नव्हतं. वरून मला दिसलं ते सांगते. वडील उठले, माठातून तांब्या भरला, गुळाची वाटी घेतली, आणि रिक्षापाशी जाऊन आधी बाईंना पाणी दिलं. मग त्यांचा हात धरून उंबऱ्याशी आणलं आणि थांबले. "हा एक उंबरा हाय, माय. सांगतला होता ना पोरीनं," ते म्हणाले. मग भोपाळच्या लोकांना आपलं वऱ्हाडी कळत नसेल, हे लक्षात येऊन त्यांनी बोटाने उंबरा दाखवला.

परीक्षक मॅडम ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. मुलगी धावत खाली आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, एकाच दिवसासाठी दोन बुकिंगं का घेतलीस.

"चूक झाली मॅडम. तारीख बंद नाई केली, आणि नंतर नकार देता नाई आला."

"याचे गुण कापले जातील."

"हो मॅडम."

मॅडमनी मोबाईल तिला परत दिला. म्हणाल्या, कॅलेंडरचे गुण कापते, पण पाहुण्याला चूक स्वतःहून कळवणारा आणि दाखवून पटवणारा विद्यार्थी मला या वर्षी दुसरा कोणी भेटला नाही. तो व्हिडिओ त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला, पुढच्या वर्गाला दाखवायला. कोणाची पाठ थोपटणाऱ्यांतल्या त्या बाई नव्हत्या, त्यामुळे आम्हाला त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला.

त्या गेल्यावर मुलगी वडिलांसमोर उभी राहिली. तांब्या अजून त्यांच्याच हातात होता. तिने तो घेतला नाही, फक्त त्याकडे पाहिलं. तेही बघत होते.

"दारी आलेल्याले पानी देनं ही नोकरी नसते," ते म्हणाले.

"नाई बाबा. पन ते दारापर्यंत कसे आले?"

पलीकडच्या खोलीतून जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं, वर पुण्याची मुलं पलंगावर उड्या मारत होती. शेवटी त्यांनी तांब्या माठावर पालथा घातला आणि म्हणाले, "नागपूरले जाजो. पन तारीख बंद कराले शीक आधी."

शेजारीण आतून मोठ्याने हसली. मुलगीही हसली, मग तोंड फिरवून नळाशी गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

त्या रविवारी सकाळी सगळे एकाच अंगणात जेवले. तुरीच्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर, तिखट किती ते विचारून. वडिलांनी जोडप्याला गिरडच्या टेकडीवर स्वतः नेलं, कारण चढ टाळून जायचा रस्ता त्यांनाच माहीत होता.

निकाल चांगला लागला. ती नागपूरला गेली. आता ती शिकाऊ नाही, तिच्या हाताखाली दोन शिकाऊ आहेत, आणि त्यांना ती तो व्हिडिओ दाखवते असं ऐकते. दर महिन्याला मला फोन करून आधी तब्येत विचारते आणि मग तारखा बंद केल्यात का ते विचारते. मीही आता बटणं सराईतपणे दाबते, लालसुद्धा. मात्र लाल दाबण्याआधी शेजारणीला विचारते. तिची खोली साइटवर आली, मग तिच्या पलीकडच्या घरातली, आणि जागा नसली तर आम्ही पाहुणा एकमेकींकडे पाठवतो. मागच्या दिवाळीनंतर त्या मुलीच्या वडिलांनी मला फोन केला. ओसरीला दार बसवलं होतं, जत्रेच्या आधी ती खोली मोबाईलमध्ये टाकायची होती. मुलगी कामात आहे म्हणून मला विचारलं. फोटो त्यांनी स्वतः काढून पाठवले होते. तिन्हींत त्यांचा अंगठा आहे. तो काढून टाकू का, असं मी विचारलं, तर राहू द्या म्हणाले, घर कोनाचं हाय ते समजते.

आता तुम्हाला उत्तर मिळालं. तुमच्या बाबांची खोली तीच आहे, जिना अठरा पायऱ्यांचाच आहे, न्हाणीघर अजून खालीच आहे आणि तसं लिहिलेलंही आहे. माठ जिन्याखाली आहे. आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मग नाव विचारायचं, हे अजून चालू आहे.